सिगारेट-कार्डाची पाठ आधी वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या जर्मन मोटारींच्या सिगारेट-कार्डांवरचा, म्हणजे सिगारेटच्या पाकिटात मिळणाऱ्या छोट्या चित्रकार्डांवरचा, लेख वाचला. चित्रे सुरेख छापली होती, पण सगळी दर्शनी बाजूची. कार्ड अस्सल आहे की नाही, कोणत्या काळातले आहे आणि आपल्या हवेत ते कसे जपायचे, हे सगळे कळते ते पाठीवरून. तिच्याबद्दल लेखात एक ओळही नव्हती. शिवाय ‘कार्डे लॅमिनेट करून घ्यावीत’ असा सल्ला दिला आहे. तो घातक आहे, म्हणून हे पत्र.

ब्रिटनमध्ये लँबर्ट अँड बटलर कंपनीने १९२२ आणि १९२३ मध्ये प्रत्येकी २५ आणि १९२६ मध्ये ५० मोटार-कार्डे काढली. जॉन प्लेयर अँड सन्सने १९३६ आणि १९३७ मध्ये ५०-५० च्या दोन मालिका काढल्या. नेहमीचे कार्ड साधारण ६८ बाय ३६ मिलिमीटरचे. या मालिकांत भर ब्रिटिश गाड्यांवर, जर्मन गाड्या मोजक्याच. त्यामुळे ‘जर्मन गाड्यांचा पूर्ण संच’ म्हणून कोणी ब्रिटिश कार्डे पुढे केली, तर ती निरनिराळ्या मालिकांतून वेचलेली आहेत असे समजावे आणि किंमत सुट्या कार्डांचीच द्यावी. मालिकेतले पहिले आणि शेवटचे कार्ड मात्र सुटे घेतानाही महाग पडते. गठ्ठ्याला रबरबँड लावला की झीज सोसायची ती या दोन कार्डांनी, म्हणून ती चांगल्या अवस्थेत कमी उरली.

पाठीवर मालिकेचे नाव, क्रमांक, गाडीची माहिती आणि तळाशी कंपनीचे नाव असते. कंपनीच्या नावाखाली ‘इंपीरियल टोबॅको कंपनीची शाखा’ अशा अर्थाची ओळ आहे का ते पाहावे. प्लेयरच्या अनेक मालिकांत ही ओळ असलेली कार्डे ब्रिटनसाठी आणि नसलेली बाहेरच्या बाजारासाठी, अशी विभागणी होती. चित्र तेच, पण आवृत्ती वेगळी आणि भावही वेगळा. दोन्हींची सरमिसळ करून पुरा केलेला संच जाणकार घेत नाहीत.

गाडीचे नावही काळ सांगते. डाइमलर आणि बेंझ या कंपन्या १९२६ मध्ये एकत्र आल्या. तेव्हा १९२२-२३ च्या म्हणवल्या जाणाऱ्या कार्डावर ‘मर्सिडीज-बेंझ’ हे जोडनाव दिसले तर ते कार्ड त्या काळचे नव्हे. ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्च आणि वाँडरर या चार जर्मन कंपन्या मिळून ऑटो युनियन झाली १९३२ मध्ये, त्यामुळे तिचे चार कड्यांचे चिन्ह त्याआधीच्या कार्डावर असूच शकत नाही. उलट १९३४ नंतर बीएमडब्ल्यूच्या गाड्या ब्रिटनमध्ये फ्रेझर नॅश या तिथल्या कंपनीचे नाव जोडून ‘फ्रेझर नॅश-बीएमडब्ल्यू’ म्हणून विकल्या जात. कार्डावर तसे नाव आले तर ती छपाईची चूक नाही.

पुनर्मुद्रणे भरपूर आहेत. प्रामाणिक पुनर्मुद्रणाच्या पाठीवर बारीक अक्षरांत तसा उल्लेख असतो. फसवणारा तेवढी कड कापतो किंवा कार्ड फ्रेममध्ये चिकटवून पाठच झाकून टाकतो. फ्रेम उघडू न देणाऱ्याकडून घेऊ नये. त्याच मालिकेतल्या खात्रीच्या कार्डावर ठेवून मापे जुळवावीत. एक मिलिमीटरचा फरकही शंका घेण्याजोगा आहे. मग अंधारात अतिनील टॉर्च मारावा. साधारण १९५० नंतरच्या कागदात चकाकी आणणारी रसायने येऊ लागली, ती निळसर पांढरी चमकतात. तीसच्या दशकातला कागद मंद, पिवळटच दिसतो. भिंगातून ठिपके दिसले म्हणून लगेच नकली ठरवू नका, त्या काळीही ठिपक्यांची छपाई होत होती.

आता सर्वांत महत्त्वाचे. प्लेयरच्या १९३६-३७ च्या ब्रिटिश आवृत्तीच्या पाठीवर गोंद आहे, अल्बममध्ये ओले करून चिकटवण्यासाठी. हा गोंद हवेतली ओल ओढतो. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये गठ्ठा कपाटात राहिला, तर एका कार्डाची पाठ दुसऱ्याच्या चित्राला धरते आणि ओढून सोडवताना चित्राचा पापुद्रा गोंदावर राहतो. गोंद हे कसरीचे आणि बुरशीचे आवडते खाद्य, हे निराळेच. चिकटलेली कार्डे कोरडी कधीच ओढू नयेत. त्याच मालिकेतले एखादे फाटके कार्ड आधी भिजवून रंग टिकतो का ते पाहावे. टिकला तर उथळ ताटलीत कोमट पाणी घेऊन वीस-तीस मिनिटे ठेवावे, आपोआप सुटतील तेवढीच वेगळी करावीत, पाठ चोळू नये. मग टिपकागदात घालून काचेखाली दाबावीत आणि टिपकागद दोन-तीनदा बदलावा. गोंद जाईल, आणि विकताना ते सांगावे लागेल. अल्बममध्ये पूर्ण चिकटवलेला संच असेल तर तो तसाच ठेवावा.

ठेवायला पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची कप्प्यांची पाने घ्यावीत, एका कप्प्यात एकच कार्ड. स्टेशनरीच्या दुकानातली मऊ, वासाची पीव्हीसी पाने घेऊ नयेत; त्यांतले मऊपणा आणणारे द्रव्य शाईला धरते. डांबरगोळ्याही नकोत. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत छोटा आर्द्रतामापक ठेवावा आणि आकडा ४५ ते ५५ टक्क्यांत राखावा. जेल जास्त झाले की गोंद आकसतो आणि कार्ड पाठीकडे वळते, मग ते सपाट करताना गोंदाला तडे जातात. लॅमिनेशनमध्ये तर उष्णतेने प्लास्टिक कागदात कायमचे शिरते. ते पुन्हा काढता येत नाही आणि कार्डाची किंमत शून्य होते.

खुद्द जर्मनीतली पद्धत वेगळी होती. रीम्ट्समा या सिगारेट कंपनीच्या हँबर्गजवळच्या चित्रसेवेकडे पाकिटातली कुपने पाठवून चित्रे मिळवायची आणि मजकूर छापलेल्या अल्बममध्ये चिकटवायची. तिथे अल्बमच मूळ वस्तू आहे, सुटी केलेली चित्रे त्यापुढे दुय्यम. १९३३ नंतरच्या अनेक अल्बमांत नाझी प्रचार ठासून भरलेला आहे. शर्यतीच्या गाड्यांवरही स्वस्तिक दिसते, आणि आजचे जर्मन विक्रेते कायद्यामुळे फोटोत ते झाकतात. ही झाकाझाक फोटोपुरतीच आहे की पानावर खरेच काही चिकटवले वा खरवडले आहे, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.

पावसाळा तोंडावर आहे. लॅमिनेशनच्या सल्ल्याबाबत येत्या रविवारीच दुरुस्ती छापावी आणि तिच्याबरोबर एखाद्या कार्डाची पाठही छापावी, ही विनंती.

आपला,
एक संग्राहक, ठाणे