ब्राउझर जुना, बिल कोणाचे?

महोदय,

‘तुमचा ब्राउझर जुना आहे, कृपया अपडेट करा’ ही पाटी नेमकी कोणासाठी असते? कार्यालयात संगणकासमोर बसलेल्या कर्मचाऱ्याला साधा फॉन्ट टाकायचीही मुभा नसते. ॲडमिन पासवर्ड आयटी विभागाकडे आणि आयटीचे बजेट वरच्या साहेबांकडे. मी वेबसाइट बनवतो. ही पाटी मीही लावली आहे, म्हणून हा कबुलीजबाब समजा.

संस्थांना आळशी म्हणून मोकळे होता येत नाही. मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला २००१ मध्ये. काही वर्षे जवळपास सगळे तोच वापरत. त्यामुळे पगार, हजेरी, साठा यांची अंतर्गत सॉफ्टवेअर त्याच्याच लकबींवर आणि ॲक्टिव्हएक्सवर (वेबपानातून संगणकावर छोटे प्रोग्रॅम चालवण्याचे मायक्रोसॉफ्टचे तंत्र) बेतली गेली. आता ब्राउझर बदलायचा तर ती सगळी पुन्हा तपासायची, काही नव्याने लिहायची, आणि मूळ कंत्राटदाराचा पत्ता नाही! जानेवारी २०१० मध्ये मोठे सायबर हल्ले उघडकीस आल्यावर जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी यंत्रणांनी एक्सप्लोरर वापरू नका, असे सांगितले. ब्रिटिश सरकारने मात्र त्याच वर्षी चाचण्यांच्या खर्चाकडे बोट दाखवून सरसकट बदल करायला नकार दिला.

हा खर्च वाचत नाही, दुसऱ्याच्या खात्यात जातो. जुन्या ब्राउझरमध्ये मांडणी कोसळते, ती सावरण्यात डेव्हलपरचे दिवस जातात आणि ते कुठल्याच बिलात दिसत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या कोगन या ऑनलाइन दुकानाने २०१२ मध्ये एक्सप्लोरर ७ वापरणाऱ्यांवर ६.८ टक्के ‘कर’ लावला होता. तो ब्राउझर आल्यापासून दर महिन्याला ०.१ टक्का. प्रसिद्धीचा खटाटोप होताच, पण हिशेब निदान कागदावर आला. चूक एवढीच, की बिल गेले ग्राहकाच्या माथी.

माझ्या मते मजकूर वाचता येणे आणि अर्ज भरता येणे, एवढे साध्या एचटीएमएलवर (वेबपान लिहिण्याची मूळ भाषा) कुठेही चालले पाहिजे. सजावट नव्या ब्राउझरपुरती असली तरी चालेल. सुरक्षिततेत मात्र सवलत नाही. ब्राउझर आणि सर्व्हरमधला संवाद गुप्त ठेवणाऱ्या टीएलएस या पद्धतीच्या जुन्या आवृत्त्या, १.० आणि १.१, प्रमुख ब्राउझरांनी २०२० च्या सुमारास मोडीत काढल्या, तेव्हा केवळ एका कार्यालयासाठी सर्व्हरवर त्या चालू ठेवणे म्हणजे सगळ्यांच्याच घराची कडी काढून ठेवणे.

आणि पैसे संस्थेकडून घ्यावेत. करारात ‘जुन्या ब्राउझरसाठी चाचणी व दुरुस्ती’ अशी वेगळी ओळ, वेगळा दर आणि शेवटची तारीख असावी. तारीख नसेल तर काय होते ते पाहा: मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये एक्सप्लोरर ११ निवृत्त केला, तरी त्यांच्याच एज या नव्या ब्राउझरमधला, जुनी पाने एक्सप्लोररसारखी चालवणारा ‘आयई मोड’ किमान २०२९ पर्यंत चालू ठेवण्याचे आश्वासन द्यावे लागले.

मी ती ओळ दोन ग्राहकांच्या करारात घातली. एकाने आकडा पाहून अपग्रेडचे काम हाती घेतले. दुसरा मुकाट्याने पैसे भरतो, अजूनही.

– एक वेब डेव्हलपर