सोयाबीन, मेंढ्या आणि तुझी पाळी

इंदूर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

पाळी बारा दिवस लांबली ती सोयाबीनच्या वड्यांनी, असं मैत्रिणीने सांगितलं आणि तू वड्या बंद केल्यास! अगं, माळव्यातली पोर ना तू? पणजोबांच्या काळी इथली शेतं पावसाळ्यात पडीक असायची, आता जिकडेतिकडे सोयाबीन.

मैत्रिणीचं अगदीच खोटं नाही म्हणा. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्या गाभण राहीनात. कुरणात क्लोव्हर माजलेलं, आपल्या बरसीम चाऱ्याचीच बहीण. त्यातल्या फॉर्मोनोनेटिन नावाच्या द्रव्याचं मेंढीच्या पोटात इक्वॉल नावाचं दुसरं द्रव्य होतं, आणि ते शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या जागेवर जाऊन बसतं. पण त्या मेंढ्या दिवसभर तेच चरत. तू आठवड्यातून दोनदा वाटीभर खातेस. सोयाबीनमधलं त्याच जातीचं द्रव्य, जेनिस्टीन, आपल्या इस्ट्रोजेनपुढे फार दुबळं. आणि इक्वॉल करणारे जिवाणू तर सगळ्यांच्या आतड्यात नसतातही.

आजी आता पाळीवर उपाय म्हणून मेथीचे लाडू पाठव असं मागे लागल्यात. मेथीत डायोसजेनिन नावाचं द्रव्य असतं. रसेल मार्कर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या रानकंदातून तेच काढून त्याचं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे पाळीशी संबंधित दुसरं संप्रेरक, बनवलं होतं. पण प्रयोगशाळेत. आपल्या पोटाला ती किमया जमत नाही. तेव्हा लाडू आवडतात म्हणून खा, औषध म्हणून नको. (आजींना हे सांगायची माझी छाती नाही.)

सोयाबीन आडवं येतं ते माझ्या थायरॉइडच्या गोळीला, ती नीट शोषली जात नाही. म्हणून गोळी पहाटे अनशापोटी आणि वड्या दुपारी.

तुझं म्हणशील तर परीक्षेचा महिना, रात्री दोनला झोप, मेसचं जेवण आवडत नाही म्हणून चहा-बिस्किटावर दिवस. अशा ताणात मेंदूकडून अंडाशयाला निरोपच उशिरा जातो, बीज उशिरा सुटतं, पाळी पुढे सरकते. तरी शनिवारी मावशीबरोबर डॉक्टरांकडे जाऊन ये. डॉक्टर सुरुवातीला गरोदरपणाची तपासणी करतील, सगळ्यांचीच करतात. लाजू नकोस आणि जे असेल ते खरं सांग. मावशीला बाहेर बसवलंस तरी चालेल. मला सांगायचं की नाही, ते तू ठरव. बाबांना मी काही बोलले नाही.

लसूण शेव पाठवली आहे. मैत्रिणीला दे, पण बेसनाची आहे हे आधी सांग.

तुझी,
आई