बाबांच्या अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, गाउटनं पायाचा अंगठा सुजला की घ्यायची कोल्चिसिनची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची आहे. एवढ्याशानं काय होणार, आणखी दोन घेतो, असं तुम्ही म्हणता. आईचं म्हणणं, जुलाब होतात म्हणजे गोळीच खराब. दोघांचंही उत्तर पेशीच्या सांगाड्यात आहे.

पेशीत नुसता द्रव नसतो, प्रथिनांच्या धाग्यांचा सांगाडाही असतो. सगळ्यात बारीक धागे ॲक्टिनचे, ७ नॅनोमीटर जाड. (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर.) पेशी सरकते तेव्हा तिची पुढची कड हेच ढकलतात. मधले धागे सुमारे १० नॅनोमीटरचे, ताण सोसणारे. त्वचेतलं केराटिन त्यातलंच. त्यांच्याशी आज आपलं काम नाही. तिसऱ्या सूक्ष्मनलिका, २५ नॅनोमीटर रुंद आणि आतून पोकळ. पेशीतला माल इकडून तिकडे नेणारी प्रथिनं यांच्यावरूनच चालतात. तुमची गोळी काम करते ती इथे.

ही नलिका ट्युब्युलिनच्या जोड्यांची बनते. एक अल्फा, एक बीटा, अशी जोडी ८ नॅनोमीटर लांब. जोड्या एकावर एक चढून रांग होते आणि बहुधा अशा १३ रांगा शेजारी शेजारी चिकटून नळी होते. पण ती हाडासारखी कायमची नाही. गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे जसे उभारतात आणि उतरवतात, तसं इथे मिनिटामिनिटाला चालू असतं. नव्यानं बसणाऱ्या जोडीच्या बीटावर जीटीपी नावाचा रेणू असतो आणि बसल्यावर थोड्या वेळात त्याचा जीडीपी होतो. टोकाला जीटीपीवाल्या जोड्या आहेत तोवर नळी वाढते. त्या संपल्या की रांगा बाहेरच्या बाजूला उकलतात आणि नळी भराभर मोडते. मिचिसन आणि कर्शनर या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये हे मांडलं.

कोल्चिसिन अल्फा आणि बीटाच्या मधल्या सांध्यात शिरते. मग जोडी वाकडीच राहते, नळीत बसताना व्हायला हवी तशी सरळ होत नाही. अशा थोड्या जोड्या टोकाला अडकल्या तरी पुढची भर थांबते. म्हणून मात्रा इतकी लहान पुरते.

तुमच्या सांध्यात युरिक ॲसिडचे स्फटिक आहेत. त्यांच्यावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी तुटून पडतात आणि ठणका उठतो तो त्यामुळे. या पेशींत कोल्चिसिन रक्तद्रवापेक्षा कितीतरी जास्त साठते, आणि नलिका अडल्यावर त्यांना रक्तवाहिनीला चिकटणं, सांध्यापर्यंत पोचणं जमत नाही. युरिक ॲसिड मात्र हिनं उतरत नाही. त्यासाठीची ॲलोप्युरिनॉल चालू असेल, तर सूज आली म्हणून ती मनानं थांबवू नका.

आता आई, तुझे जुलाब. पेशी दोन होताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढायला याच नलिका लागतात. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, म्हणजे तिथे पेशी सतत दुभागत असतात, आणि पहिली झळ तिथेच बसते. गोळीत खोट नाही, मात्रेत असू शकते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काहींना तासाभरात मिळून १.८ मिलिग्रॅम दिली, काहींना सहा तासांत ४.८. आराम जवळपास सारखाच पडला. जुलाब मात्र पहिल्या गटात शंभरात २३ जणांना आणि दुसऱ्यात ७७ जणांना झाले. तेव्हा बाबा, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलंय त्यापेक्षा एकही गोळी जास्त नको.

खोकल्या-तापासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं, तर कोल्चिसिनचं नाव आधी सांगा. ते कोल्चिसिन शरीराबाहेर पडू देत नाही, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर धोका आणखी वाढतो. कोलेस्टेरॉलची गोळीही चालू आहे, म्हणून मांड्या-दंड दुखले, अशक्त वाटले तर कळवा. कळलावीचा कंद कुणी सुचवला तर हातही लावू नका. त्यात हेच कोल्चिसिन असतं, किती ते मोजता येत नाही.

चुकून जास्त गोळ्या गेल्याच, तर पहिल्या दिवशी उलट्या-जुलाब होतात, मग थोडं बरं वाटू शकतं. त्यावर विसंबू नका, कारण अस्थिमज्जा आणि बाकीचे अवयव त्यानंतर ढासळतात, आणि यावर सहज मिळणारा उतारा नाही. गोळ्यांची पट्टी सोबत घेऊन लगेच सिव्हिलला जायचं.

तुमची,
लेक