दादा, आधी कलर बार लाव

टुटलिंगन, जर्मनी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. हे पहिल्या ओळीतच लिहितो, कारण आई पत्रात तेवढंच शोधणार. जेवण वेळेवर होतं, हीटर चालू असतो, आणि खोकला गेला. कामाचं रोजचं सगळं तुला ठाऊक आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

फोनवर तू पावसातून ऐरोलीला निघाला होतास, त्यामुळे नौपाड्याच्या त्या गॅस्ट्रोस्कोपचं, म्हणजे पोटात घालून आतलं बघायच्या नळीचं, बोलणं अर्धवट राहिलं. वागळे इस्टेटच्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात नव्या मुलाला वाचायला देता येईल असं लिहून पाठवतो.

काहीही सोडवण्याआधी प्रोसेसरवर (स्कोपचं चित्र मॉनिटरला पाठवणारा डबा) कलर बार, म्हणजे तपासणीच्या रंगीत पट्ट्या, लाव. पट्ट्या स्थिर आणि सगळ्या रंगांत दिसल्या तर आउटपुट, केबल आणि मॉनिटर तिघेही सुटले. मग दोष स्कोपकडे. फक्त एक लक्षात ठेव, प्रोसेसरचा स्कोपकडचा भाग या पट्ट्यांनी तपासला जात नाही. त्यासाठी चालू असलेला दुसरा स्कोप लावूनच बघावं लागतं. पट्ट्याच खराब असतील तर स्कोपला हात लावू नकोस. मॉनिटरचा इनपुट बघ: वायर एसडीआयची आणि निवडलंय डीव्हीआय (दोन वेगळ्या जोडण्या), हे तर नेहमीचंच. जुन्या आरजीबी केबलीत लाल, हिरवा, निळा वेगळ्या वायरींतून जातात; तिथे लाल बीएनसी (वायरीच्या टोकाची जोडणी) सुटली की चित्र निळसर-हिरवं, निळी सुटली की पिवळं. एस-व्हिडिओची रंगाची पिन वाकली की कृष्णधवल. ॲनालॉग मॉनिटर एकामागून एक जोडले असतील तर ७५ ओहमचं टर्मिनेशन (वायरीच्या शेवटी लागणारा रोध) फक्त शेवटच्यावर हवं. दोनांवर लागलं की चित्र काळवंडतं, एकावरही नसलं की भगभगतं आणि कडांना सावली येते.

आता नौपाड्याचा. चित्र आधी स्वच्छ, टोक तापलं की धुकं, काढून ठेवला की पुन्हा स्वच्छ. बाहेरचा मळ असा येऊन-जाऊन नसतो, तो असतो तिथेच राहतो. तरी आधी टोकावरचं पाण्याचं नोझल बघ. पाण्याचं बटण दाबल्यावर धार काचेवरून आडवी जायला हवी. नोझल तुंबलं असेल, किंवा पाण्याच्या बाटलीचं झाकण नीट बसलं नसेल, तर काच धुतलीच जात नाही. ब्रश न मारता स्कोप थेट ग्लुटाराल्डिहाइडमध्ये (जंतुनाशकात) बुडवत असतील तर तेही विचार; त्याने प्रथिनं काचेवर पक्की बसतात आणि पिवळट थर येतो. हे सगळं ठीक असेल तर पाणी आत गेलंय असं धर आणि लीक टेस्ट कर, म्हणजे आत हवा भरून गळती शोध.

ती घाईत करू नकोस. टेस्टरचा कनेक्टर कोरडा हवा, आणि स्कोपला तो पाण्याबाहेरच जोडायचा. हवा भरली की बेंडिंग रबर (वाकणाऱ्या टोकावरचं) किंचित फुगतं. मग सगळा स्कोप पाण्यात, निदान ३० सेकंद. टोकाचा अँगल चारही बाजूंना फिरव, हँडलवरचे स्विच दाबून बघ, कारण पुष्कळ लीक स्कोप सरळ असताना दिसतच नाहीत. अंगाला चिकटलेले बुडबुडे हाताने पुसून टाक. एकाच जागेवरून ओळीने येतात ते खरे. दाब असतानाच स्कोप बाहेर काढ, मग हवा बंद, रबर बसू दे, आणि मगच टेस्टर सोडव. पाण्यातच सोडलास तर लीक नसलेल्या स्कोपमध्येही पाणी जातं. लीक निघाला तर तो स्कोप त्या क्षणी बाजूला. डॉक्टर म्हणतील एवढी एक केस होऊ दे, तर नाही म्हण. प्रश्न फक्त चित्राचा नाही, संसर्गाचा आणि शॉकचाही आहे.

पाणी कुठून गेलं हे तिथल्या मावशींकडून काढ, पण दरडावू नकोस. वाकलेल्या टोकातून बायोप्सी फोर्सेप्स (तुकडा काढायचा चिमटा) जोराने रेटला की चॅनल, म्हणजे आतली नळी, चिरतो. इटीओचं (गॅसने निर्जंतुक करताना लावायचं) व्हेंटिंग कॅप न काढता स्कोप बुडवला की थेट आत पाणी. जुन्या मॉडेलला वॉटरप्रूफ कॅप न लावता बुडवलं की कनेक्टर गेला. त्या पिना ७० टक्के अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पूस आणि पूर्ण वाळू दे. खोडरबर किंवा पॉलिश पेपर लावायचा नाही, सोन्याचा मुलामा निघतो. आणि स्कोप त्याच्या सुटकेसमध्ये ठेवणं बंद करायला सांग. ती पेटी नेण्या-आणण्यापुरती. ठाण्याच्या पावसाळ्यात फोममध्ये ओल राहते. स्कोप हवा खेळणाऱ्या कपाटात उभा टांगलेला हवा.

लॅप्रोस्कोपीच्या (पोटाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या) कॅमेऱ्याला एवढा वेळ लागत नाही. ठिपका दिसला तर कॅमेरा धरून टेलिस्कोप फिरव: ठिपका फिरला तर टेलिस्कोपवर, जागेवर राहिला तर कपलरवर (दोघांना जोडणाऱ्या लेन्सवर) किंवा कॅमेऱ्यावर. व्हाइट बॅलन्स पांढऱ्या गॉझवर, स्टीलच्या ट्रेवर नाही. चित्र काळोखं असेल तर लाइट केबल सोर्समधून (दिव्याच्या यंत्रातून) काढून एक टोक ट्यूबलाइटकडे धर आणि दुसऱ्यात बघ. काळे ठिपके म्हणजे तुटलेले फायबर. सोर्स चालू असताना त्यात बघायचं नाही, हे नव्या मुलाला दोनदा सांग. केबल चांगली निघाली तर दिव्याचे तास बघ, ३०० वॅटचा झेनॉन साधारण ५०० तासांचा. कॅमेऱ्याचं हेड स्थिर धरून मुळाशी वायर हलवल्यावर चित्र लुकलुकलं तर वायर आत तुटली आहे. कॉटरी (विजेने कापायचं-जाळायचं यंत्र) चालवतानाच रेघा येत असतील तर कॅमेरा निर्दोष असू शकतो. कॉटरीची वायर त्याच्या वायरीवर गुंडाळलेली असते, ती लांब ने आणि ट्रॉलीवरचं सगळं एकाच अर्थिंगवर घे.

आई विचारत होती शेजारी कसे आहेत. चांगले आहेत, पण जिना झाडायला लावतात. खरंच. दाराच्या मुठीला एक पाटी येऊन लटकते, म्हणजे हा आठवडा आपला. आपल्या मजल्याचा जिना झाडायचा, मग ओल्या फडक्याने पुसायचा, कठडासुद्धा. मोठी पाळी असली तर तळघराचा रस्ता आणि इमारतीपुढचा फुटपाथही, बर्फ पडला असेल तर तोही. जिना आधीच चकचकीत असला तरी झाडायचाच. शनिवारपर्यंत उरकायचं, कारण रविवारी आवाज चालत नाही. झालं की पाटी पुढच्या दाराला. पैसे देऊन माणूस ठेवता येतो, पण खालच्या आजी काठी टेकत स्वतः पुसतात, त्यांच्यासमोर मी कुठल्या तोंडाने माणूस ठेवू? आईने घरी कधी केरसुणी हातात घेऊ दिली नाही, तिला हे वाचून हसू येईल. यात कमीपणा काही नाही, बाबांना सांग.

आणि मी एकटा पडलोय वगैरे कुणी म्हणत असेल तर तसं काही नाही. रविवारी फोन लागला नाही तर लगेच काळजी करू नका. इथे मराठी माणसं आहेत, गणपतीला भेटलो होतो. मोदक विकतचे होते, पण होते.

चिऊच्या लग्नाच्या हॉलच्या आगाऊ रकमेचे ६०,००० पाठवलेत, बाबांच्या खात्यात दिसले की कळव. हॉल घोडबंदरचा की कोपरीचा ते तुम्ही ठरवा, पार्किंग तेवढं बघा. साखरपुड्याला मला सुट्टी नाही. लग्नाला येणार हे पक्कं, पण चिऊला ते तू सांग. मी सांगितलं की ती गप्प होते. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लग्नानंतर करू असं चाललंय म्हणे. पैशासाठी थांबला असाल तर सरळ सांगा. माझ्या स्थळाचं मात्र घाईत नको. मुलगा कायमचा परत येणार का असं त्यांनी विचारलं तर हो म्हणू नका, आणि नाही पण म्हणू नका.

आई-बाबांना नमस्कार, वहिनींना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा,
निखिल

ता. क. दुकानाचा हप्ता या महिन्यात अडत असेल तर माझ्या पैशांतून भर. वहीत माझ्या नावावर लिहून ठेवू नकोस.