आजारपणाची रजा मागायची कुठे?

माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. ऑगस्टमध्ये तिला क्षयरोगाचं निदान झालं. उपचार सहा महिन्यांचे. पहिले दोन महिने जिनाही उतरवत नव्हता. सरकारी दवाखान्याचा दाखला, एक्स-रे, गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा घेऊन मी कॉलेजच्या खिडकीशी उभा राहिलो. ‘७५ टक्के हजेरी नाही, टर्म ग्रँट होणार नाही, म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही. पुढच्या वर्षी नव्याने प्रवेश घ्या, पूर्ण फी भरा.’ रजेचा अर्ज मागितला, तर तसा अर्जच नसतो म्हणाले! नव्या शैक्षणिक धोरणात मध्येच थांबून परतण्याची सोय आहे, ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या विद्यार्थ्याच्या ऑनलाइन खात्यात मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट्स) ७ वर्षं टिकतात. मग आजारी मुलांची जागा राखण्याचा लेखी नियम विद्यापीठांनी याच वर्षी करावा.

– एक पालक, सातारा