आजीच्या पिशवीवरून पर्स

ओफनबाख, जर्मनी

तीर्थरूप आईस,
शि. सा. नमस्कार. बाबांनाही सांग.

फोनवर तू म्हणालीस, पर्सवर भरतकामाने विठोबा काढ, छान दिसेल. नाही काढणार. रागावू नकोस. पर्स लोकलमध्ये पायाशी ठेवतात, ऑफिसच्या बाथरूममध्ये दाराला अडकवतात. तिथे देवाचं चित्र आजीला चाललं असतं का? तिची जपमाळसुद्धा कधी कुणाला दिसली नाही. गोमुखीत हात घालून नुसते ओठ हलवत बसायची.

म्हणून देवाची जागा मी आत ठेवली आहे. बाहेरून काळं जाड सुती कापड. विठोबाचा रंग म्हणून, आणि आषाढीला वडाळ्याच्या देवळातून येताना बुक्क्याचे डाग पडले तरी दिसू नयेत म्हणून. आतून पीतांबरी पिवळं अस्तर, आणि त्याला गोमुखीसारखा वाकडा कप्पा. माळ त्यात राहील. ज्यांना जप करायचा नाही त्यांनी किल्ल्या ठेवाव्यात. माझी हरकत नाही, आजीची असती.

चामडं नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. हे गावच चामड्याच्या वस्तूंचं, १९१७ पासून चामड्याचं संग्रहालय आहे इथे. त्यामुळे क्लासच्या बाईंना माझा हट्ट चमत्कारिक वाटला. पण तुळशीची माळ चामड्यात ठेवायची? आत्याने घरात घेतलं नसतं मला.

कापडाची अडचण अशी, की ते चामड्यासारखं आपल्या अंगाने उभं राहत नाही, ढेपाळतं. बाई म्हणाल्या, आत बक्रम घाल. मी गोधडीची वाट धरली. जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक आणि त्यांवर दाट धावदोरा. टाके जितके जवळ, तितकं कापड ताठ. बोटांची चाळण होते, वेळ फार जातो, पण बक्रम धुतल्यावर जसा चुरगळतो तसं हे चुरगळत नाही.

पट्ट्याचं काही केल्या जमेना. वरच्या कडेला शिवला की वजनाने टाके ओढले जायचे. मग आजीची बाजाराची पिशवी आठवली, गिरणीच्या मांजरपाटाची. तिचे बंद वर शिवून सोडलेले नव्हते, तळाखालून फिरवून पुन्हा वर आणलेले होते. कांदे-बटाट्यांचं सगळं ओझं बंदांवर, टाक्यांवर नाही. १९८२च्या संपात आजोबांची नोकरी गेल्यावर ती अशा पिशव्या शिवून लालबागच्या दुकानांत द्यायची ना? बाबा म्हणतात, एकही पिशवी उसवून परत आली नाही. यात बाबांचा अभिमान किती ते तूच ठरव, पण तळाखालचा बंद मी शिवून पाहिलाय, तो हलत नाही.

आणखी एक चोरकप्पा आहे, पाठीच्या बाजूला, अंगाला चिकटून राहील असा. आजी कनवटीला पैसे खोचायची, त्यावरून. रेल्वेचा पास मावेल एवढाच ठेवलाय. दादरच्या गर्दीत चेन उघडली तरी तिथे कुणाचा हात पोचणार नाही.

आता तुझ्याकडचं काम. ट्रंकेत आजीचं विटकं इरकली लुगडं आहे. मधलं अंग विरलंय, पण काठ अजून धड असतील. ते मला पट्ट्यावर लावायचे आहेत. आत्याला विचारल्याशिवाय कात्री लावू नकोस. लुगड्यावर तिचाही हक्क आहे, आणि ती नाही म्हणाली तर नाही. मग मी साधा गोट लावीन. हो म्हणाली तर काठ सोडव आणि टेपने मोजून लांबी कळव, म्हणजे पट्टा किती लांब ठेवायचा ते ठरवता येईल. पिवळं अस्तर मात्र मंगळदास मार्केटातूनच घे, इथे मिळतं ते लिंबासारखं फिकट आहे. आधी एक तुकडा धुऊन बघ, रंग जाणारं नको.

पहिली पर्स आत्याला द्यायची आहे, पण हे तिला आत्ताच सांगू नकोस. नाहीतर ती लुगड्याला लगेच हो म्हणेल, आणि मला तिचं खरं उत्तर हवंय.

तुझी,
मनू