चितारआळीतल्या काकांना, बाबांच्या गिटारबद्दल

काका, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर वाचत बसणार नाही हे माहितीये मला, नातवाला सांगा मोठ्याने वाचून दाखव म्हणून. तुमचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही. पण सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी रंगवणाऱ्या एका माणसाने माझ्यासाठी काय केलं ते चार लोकांना सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाहीये.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. बाबा बोटीवर होते. १९७४ साली अमेरिकेतल्या एका बंदरावर त्यांनी सेकंडहँड गिटार घेतली, गिब्सन कंपनीची जे-४५, सनबर्स्ट रंगाची. म्हणजे मधे मधासारखा पिवळा आणि कडेला जात जात गडद तपकिरी. वेंगुर्ल्याच्या घरी ओटीवर बसून वाजवायचे, आणि रविवारी फर्निचरचं वॅक्स लावून पुसत बसायचे, आई वैतागायची की माणसापेक्षा त्या लाकडाचे लाड जास्त. २००९ ला बाबा गेले. नंतर ओळखीतल्या एका ऑर्केस्ट्राला ती वापरायला दिली, पडून राहण्यापेक्षा वाजेल तरी म्हणून, आणि दोन वर्षांनी परत आली ती काळीकुट्ट. स्टेजवर सगळं मॅचिंग दिसायला हवं म्हणून ब्रशने ऑइल पेंट फासलेला! विचारलं नाही, सांगितलं नाही, वर "आता कशी चकाचक दिसते" असं म्हणाले. आईने ती कपाटावर टाकली आणि पुन्हा कधी खाली काढली नाही.

मी तीन ठिकाणी फिरले. एक म्हणाला सगळं घासून कोरं लाकूड करू आणि नवा सनबर्स्ट मारू, नव्यासारखी दिसेल. अरे पण मला नव्यासारखी नकोच होती. दुसऱ्याने पाच महिने ठेवून घेतली आणि मला न विचारता मागच्या बाजूला थिनर चोळला. या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं, आपले पेंटर ज्याला ड्युको म्हणतात तसलं, ते कितीही वर्षं जुनं असलं तरी थिनर लागला की पुन्हा विरघळतं, आणि वरचा ऑइल पेंट मात्र एकदा कडक झाला की तसा विरघळत नाही. म्हणजे वरचं काढायला जाऊन खालचंच गेलं. तळहाताएवढा डाग पडला, तिथलं मूळ लॅकर कायमचं गेलं. त्यावर त्याचं उत्तर काय, तर "जुन्या वस्तूत असं होतंच मॅडम". तिसऱ्याने हात न लावताच सांगितलं, यापेक्षा नवी घ्या. बाबांचा हात लागलेली नवी कुठल्या दुकानात मिळते ते त्याने सांगितलं नाही.

आणि मग तुम्ही. मी खरं तर लेकासाठी भोवरा घ्यायला आले होते. गाडीत गिटार होती, बोलता बोलता विषय निघाला आणि तुम्ही म्हणालात, आण बघू. आधीच सांगून टाकलंत की गिटार कधी हातात धरलेली नाही, पण रंगाचं सांगू शकतो. भिंगातून बघितलंत, गिटारच्या भोकाच्या कडेला नखाने जरासं उचकटलंत, आणि कोंड्यासारखी एक काळी खपली उठली. तिच्याखाली पिवळं! तुम्ही वास घेतलात, बोटावर बोट चोळलंत आणि विचारलंत, ह्याला मेण कोण लावायचं?

मी म्हटलं, बाबा.

"तुझ्या बापाशीनच ह्या वाचवल्यान गो," असं म्हणालात तुम्ही. गुळगुळीत लॅकर, त्यावर इतक्या वर्षांचं मेण, आणि ऑर्केस्ट्रावाल्यांनी घासायचा कागदसुद्धा न मारता वर पेंट थापलेला, त्यामुळे त्याने नीट धरलंच नव्हतं. आई ज्या रविवारच्या वॅक्सवरून चिडायची ना, तेच आड आलं होतं. काका, मी रस्त्यावर येऊन आईला फोन लावला आणि मला बोलताच येईना.

काम कसं केलंत ते मी लिहित बसत नाही, बांबूची पट्टी, हलकीशी ऊब आणि दोन महिने, एवढंच. मला सांगायचंय ते त्या फोनबद्दल. निम्मं काम झाल्यावर रात्री नऊला तुमचा फोन आला. मला वाटलं काहीतरी बिघडलं. तुम्ही म्हणालात, भोकाच्या खाली एक झिजलेली जागा लागलीये, अर्धा चंद्र असतो तशी, तिथे लॅकर गेलंय आणि लाकूड उघडं आहे, आणि ही जागा रंगाने गेलेली नाही, हाताने गेली आहे. "येवन बघून जा, मगेच फुडे हात लावतंय."

मला सुट्टी मिळायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस तुम्ही ती गिटार कापडात गुंडाळून फळीवर ठेवलीत, दुसरी कामं केलीत, एकदाही "कधी येतेस" म्हणून विचारलं नाहीत. मी आले तेव्हा अर्धी काळी, अर्धी मधाच्या रंगाची, आणि त्या अर्धचंद्रात बाबांची करंगळी जिथे टेकायची तिथे बारीक बारीक ओरखडे. मी करंगळी ठेवून बघितली. तुम्ही टेबलफॅन बंद केलात, खपल्या उडतील म्हणून, आणि चहा सांगायला बाहेर निघून गेलात. चांगला पाऊण तास आला नाहीत. चहाचं दुकान समोरच आहे काका, मी पाहिलंय.

ज्यांच्याकडे मशीन होती, स्प्रे गन होती, भिंतीवर सर्टिफिकेटं होती, त्यातल्या एकालाही एक फोन करावासा वाटला नाही. आणि तुम्हाला वाटला. दुसऱ्याची वस्तू हातात आहे म्हणजे ती आपली झाली नाही, एवढंच तर कळायला लागतं ना, डॉक्टर असो, शिंपी असो, मोबाईल दुरुस्त करणारा असो. अशी माणसं आहेत म्हणून तर आपण घरची किल्ली शेजारी ठेवून गावाला जाऊ शकतो. मला मधल्या काळात खरंच वाटायला लागलं होतं की ही जातच संपली.

ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या पट्टीच्या, कडेला थोडा काळा राहिलाय. तिथे मेण पोचलं नव्हतं, जोर लावला तर खालचं येईल म्हणून तुम्ही सोडून दिलंत आणि ते मला स्वतः दाखवलंत. मागचा थिनरचा डाग रंग जुळवून झाकू का असंही विचारलंत. मी नको म्हटलं. आईला आधी वाईट वाटलं, आता ती पण राहू दे म्हणते. कपाटावरून गिटार खाली आली आहे, बाहेरच्या खोलीत असते, आणि रविवारी वॅक्सचा डबा आई काढते.

पैसे किती घेतलेत ते लिहित नाही, लोकांचा विश्वास बसायचा नाही.

नेताना तारा नव्हत्या त्यामुळे तुम्ही अजून ती ऐकलेलीच नाही. नव्या चढवल्यात. चतुर्थीला वेंगुर्ल्याला येतोय आम्ही, दुसऱ्या दिवशी दुपारी चितारआळीत येते, आईला पण घेऊन. मला तीनच कॉर्ड येतात, तेवढे वाजवीन.

तुमची,
भोवरा घ्यायला आलेली